चार नंबरची सही

मी कप्तान झाले हे मला स्कोअरशीटवरून कळलं.

२००८ चा जुलै होता. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटाला उघडतात, त्यामुळे आमचं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं. नागपूरला धरमपेठेत बास्केटबॉलचा सरावाचा सामना होता. टेबलावरचा दादा आमच्या बारा जणींची नावं उतरवून घेत होता आणि मी सवयीने वाकून माझं आडनाव नीट लिहिलंय का ते बघत होते. नावापुढे कंसात इंग्रजीत लिहिलेलं, ‘कॅप’. टोपीचा इथे काय संबंध, असं मला क्षणभर खरोखर वाटलं. सरांकडे पाहिलं तर ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत उभे. म्हणाले, “बघते काय? जा, पंचांशी हात मिळव.”

एवढाच शपथविधी.

मला फार आश्चर्य वाटलं नाही, हेही कबूल करते. दहावीत होते, पाचवीपासून खेळत होते, उन्हाळी शिबिरात सगळ्यात जास्त बास्केट माझे. मी नाही तर कोण? घरी सांगितलं तेव्हा आईने विचारलं, “म्हणजे आता काय करायचं असतं?” मी म्हटलं, “काही नाही गं, टॉस वगैरे.” बास्केटबॉलमध्ये टॉस नसतोच. पंच बॉल वर उडवतात आणि दोन बाजूंच्या दोघी त्यासाठी उडी मारतात. आईला ते ठाऊक नव्हतं म्हणून निभावलं.

तेव्हा जर्सीवर ४ ते १५ एवढेच आकडे असायचे. एक, दोन, तीन ही बोटं पंचांना गुण आणि तीन सेकंदांची खूण दाखवायला लागतात, म्हणून ते आकडे खेळाडूंना देत नाहीत, असं सर सांगायचे. आता काय, पोरी २३ आणि ३० घालून फिरतात. आम्ही मैदानावर एकमेकींना नंबरनेच हाक मारायचो, म्हणून इथेही तसंच चालू द्या. मी चार. सात म्हणजे माझी जिवाभावाची मैत्रीण, बॉल वर घेऊन येणारी. दहा आणि अकरा सख्ख्या बहिणी. तेरा नंबर शेवटची राखीव. आणि पंधरा ही आठवीतली, गडचिरोलीकडची, वसतिगृहात राहणारी, माझ्यापेक्षा डोकंभर उंच, आणि दिवसाला चार वाक्यं बोलणारी.

पहिले पंधरा दिवस कप्तानपद म्हणजे आवाज, असं मी धरून चालले होते. टाळ्या वाजवायच्या, “कमॉन, कमॉन” ओरडायचं, कुणी ले-अप, म्हणजे रिंगखालचा सोपा बास्केट, चुकवला की कमरेवर हात ठेवून आकाशाकडे बघायचं. ते आकाशाकडे बघणं मी टीव्हीवर पाहून उचललं होतं आणि मला ते फार शोभतं असं वाटायचं. मग एका छोट्या स्पर्धेत एका पोरीने माझ्या मनगटावर फटका मारला, पंचांनी फाउल दिला नाही, आणि मी खेळ चालू असतानाच त्यांच्यामागे धावत गेले. “सर, ती मारून राहिली, दिसत नाही का तुम्हाला?” त्यांनी शांतपणे दोन हातांचा ‘टी’ केला. टेक्निकल फाउल. समोरच्यांना फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता रिंगवर टाकायचे बॉल, मिळाले, वर बॉलही त्यांचाच. आम्ही दोन गुणांनी हरलो.

सर रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नियमपुस्तकाच्या एका पानाची झेरॉक्स हातात दिली आणि मोठ्याने वाचायला लावलं. कप्तान म्हणजे मैदानावरचा संघाचा प्रतिनिधी. त्याने पंचांशी बोलावं, पण सभ्यपणे, बॉल डेड असताना म्हणजे खेळ थांबलेला असताना, घड्याळ थांबलेलं असताना आणि माहिती मिळवण्यापुरतं.

“माहिती,” सर म्हणाले. “म्हणजे प्रश्न. ‘सर, फाउल कुणाचा दिला?’ उत्तर ऐकायचं, थँक्यू म्हणायचं. मग काय करायचं?”

“मग परत जागेवर यायचं.”

“मग टीमला येऊन सांगायचं. माहिती काय तू लोणचं घालायला आणली का?”

त्याच पानावर खाली आणखी एक कलम होतं: सामन्याच्या निकालाला हरकत घ्यायची असेल तर कप्तानाने सामना संपल्याबरोबर पंचांना तसं सांगायचं आणि स्कोअरशीटवर त्यासाठी आखलेल्या रकान्यात सही करायची. ते मी वाचलं आणि पान घडी करून दप्तरात टाकलं.

सरांचा एक आवडता छळ होता. सरावाची शेवटची वीस मिनिटं ड्रिबल, म्हणजे बॉल आपटत पुढे जाणं, बंद. बॉल हातात आला की पाय रोवायचा आणि पास द्यायचा, बस. कुणी कुरकुरलं की ठरलेली गोष्ट यायची: १८९१ च्या हिवाळ्यात अमेरिकेत स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ नावाच्या मास्तराने व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या टोपल्या ठोकून हा खेळ काढला. त्याने तेरा नियम लिहिले आणि त्यांत ड्रिबल नव्हताच. बॉल पकडला त्या जागेवरूनच फेकायचा, घेऊन पळायचं नाही. “मूळ खेळ हा आहे. बाकी सगळी तुमची फॅशन.” मला त्या वीस मिनिटांचा मनापासून राग यायचा, कारण त्या वेळात मी बाकीच्या अकरा जणींसारखीच व्हायचे.

आता पंधराबद्दल. तेव्हा रिंगखालची रंगवलेली जागा आतासारखी आयताकृती नव्हती, खाली फाकत जायची. २०१० मध्ये ती बदलली आणि तीन गुणांची रेषाही ६.२५ मीटरवरून ६.७५ वर सरकली. त्या फाकलेल्या जागेत हल्ला करणाऱ्याला सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. म्हणून आमच्या उंच पोरीला रिंगपासून बरंच लांब, रेषेबाहेर उभं राहून बॉलची वाट बघावी लागे. ती उभी राहायचीही, हात वर, मोकळी. पण पास दिला की तिच्या बोटांवर आपटून बाहेर. चार-पाचदा असं झालं आणि मी तिला पास देणं बंद केलं. कुणाला तसं सांगितलं नाही, स्वतःशीही बहुधा ठरवलं नाही. सातने ते पाहिलं, तिनेही बंद केलं. मग हळूहळू सगळ्यांनीच.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात माझा पाय मुरगळला. आमचं मैदान सिमेंटचं, उघड्यावरचं. पाऊस थांबला की सगळ्या जणी गोणपाट ओढून पाणी काढायच्या. कप्तान झाल्यापासून मी ते सोडलं होतं. त्या वेळात मी रिंगखाली एकटीच शूटिंग करायचे. ज्या कोपऱ्यातलं पाणी निघालं नव्हतं, त्याच कोपऱ्यात रिबाउंडला उडी मारून खाली आले आणि घोटा आतल्या बाजूला वळला. टचकन आवाज आला तो सगळ्यांना ऐकू गेला म्हणे. हाड शाबूत होतं, पण लिगामेंट चांगलंच ताणलेलं. तीन आठवडे प्लॅस्टर, एकूण दीड महिना खेळ बंद. जिल्हा स्पर्धा ऑगस्टच्या शेवटी. मी रिक्षात आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले ते पायासाठी नव्हतं. माझ्याशिवाय टीम हरणार आणि शाळेचं वर्ष वाया जाणार, यासाठी होतं. इतकी खात्री होती.

सरांनी घरी फोन केला: “कप्तानाला खेळता येत नसेल तर बसता तर येतं ना? उद्यापासून साडेपाचला.”

तर मी बाकावर बसले, तेराच्या शेजारी. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, “ताई, पाय आत घे, लाइनीवर आहे.” तेव्हा लक्षात आलं की या मुलीचं एक अख्खं वाक्य मी पहिल्यांदा ऐकतेय. ती नववीतली. तीन वर्षं संघात, आणि सामन्यांमधला तिचा सगळा वेळ मिळून एक क्वार्टर तरी भरला असता की नाही, शंका आहे. तिच्या डाव्या तळहातावर पेनाने रेघा काढलेल्या असायच्या. समोरच्या संघाचे फाउल. एका क्वार्टरमध्ये चार फाउल झाले की पाचव्यापासून आपल्याला दोन फ्री थ्रो मिळतात. त्यामुळे चौथा झाला की ती ओरडायची, “चार झाले! आता घुसा आत!” हे ती वर्षभर ओरडत होती. मी एकदाही ऐकलं नव्हतं. म्हणजे कानावर पडलं असेल, पण बाकावरून येणारा आवाज हा टाळ्यांचाच एक प्रकार असं मी समजायचे.

दहा आणि अकराचं प्रकरणही तिच्याकडूनच कळलं. सर या दोघींना कधी एकत्र खेळवत नाहीत, एक बाहेर आली की दुसरी आत, हे मी पाहिलं होतं आणि त्यामागे काहीतरी डावपेच असणार असं मला वाटायचं. तेरा म्हणाली, “डावपेच कुठला ताई? बूट एकच आहे.” पकड असलेला एक जोड दोघींत. दुसरीकडे शाळेच्या पी.टी.चे पांढरे कॅनव्हास, तळ झिजून गुळगुळीत झालेले. बदली व्हायची तेव्हा दोघी टेबलामागे बसून पटापट लेस सोडायच्या. अख्ख्या संघाला हे ठाऊक होतं. सरांनाही. फक्त कप्तानाला नव्हतं.

माझे बूट घरी पलंगाखाली पडलेले होते आणि माझ्या उजव्या पायाला प्लॅस्टर होतं. दुसऱ्या दिवशी अकराला दिले. ती नको नको म्हणत होती, मग म्हणाली, “तुझा पाय बरा झाला की?” मी म्हटलं तेव्हाचं तेव्हा पाहू. मोठेपणाची गोष्ट म्हणून सांगत नाहीये. पाय धड असता तर मला ते सुचलंही नसतं. पुढे सातच्या मोठ्या बहिणीचा जुना जोड मिळाला आणि माझे मला परत आले.

आणखी एक बारीकशी गोष्ट. सामन्यातून बाहेर काढलेली पोर कुठे जाऊन बसते, हे मी कधी पाहिलं नव्हतं, कारण मला क्वचितच बाहेर काढायचे. ती सरळ बाकाच्या टोकाला जायची आणि टॉवेलमध्ये तोंड घालायची. पाच मिनिटं तिच्याशी कुणी बोलायचं नाही. मग मी आणि तेराने एक काम वाटून घेतलं. बाहेर येणारीच्या हाताला हात लावायचा, बाटली द्यायची, तिला मधे बसवायचं आणि तिच्या जागी गेलेली कुणाला धरून आहे ते विचारायचं. विचारलं की ती आपोआप पुन्हा सामना बघायला लागते.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात शिवाजीनगरला सरावाचा सामना होता. त्या दिवशी मी तेराकडून पेन मागून घेतलं आणि पंधरा मोकळी असताना किती वेळा हात वर करते ते मोजलं. कागद नव्हता म्हणून प्लॅस्टरवरच रेघा मारल्या. सतरा. त्यातल्या किती वेळा बॉल आला त्याला गोल केला. दोन. प्लॅस्टर कापताना डॉक्टरांनी विचारलं, “हा कुठल्या मॅचचा स्कोअर?”

प्लॅस्टर निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पंधराला सकाळी लवकर मैदानावर बोलावलं. मी खुर्चीवर बसून पास देणार, तिने पकडायचे. मी शिकवणार होते, कारण दोष तिच्या हातात होता. पहिले वीस पास तिने सगळे पकडले. एकही सुटला नाही. मी जोर वाढवला, तरी पकडले. मला काही कळेना. म्हटलं, “मग सामन्यात काय होतं तुला?”

ती बराच वेळ बॉलकडे बघत राहिली. मग म्हणाली, “ताई, तू पाहतं तिकडं अन् बॉल येते इकडं.”

एका बाजूला बघायचं आणि दुसरीकडे पास द्यायचा, ही माझी खास कला होती. समोरची फसायची. पंधराही फसायची. तिला बॉल येतोय हे बोटांना लागल्यावरच कळायचं.

“पहिले आवाज दे ना,” ती म्हणाली.

आम्ही तेच केलं. आधी “पंधरा”, मग पास. आणि ती ज्या हाताचा पंजा उघडून दाखवते त्या हातात, बहुतेक वेळा एक टप्पा घेऊन, कारण तिच्यासमोर उभी असलेली मुलगी हात वर करून असते आणि खालून जागा असते. मी आठ-दहा दिवस खुर्चीवरून हे केलं. सातलाही बोलावलं. सात आधी म्हणाली, “आवाज दिला तर समोरच्या पोरींना कळेल ना बे.” बरोबर होतं तिचं. पण पंधरासारख्या उंच पोरीच्या हातात, रिंगपासून दोन पावलांवर, बॉल पोचतोय हे कळून तरी त्या काय करणार होत्या?

जिल्हा स्पर्धा आम्ही जिंकलो. सात कप्तान होती, पंधराने अंतिम सामन्यात सगळ्यात जास्त गुण केले आणि मी सुजलेला पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून लिंबाच्या फोडी वाटत होते. मला फार आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. सगळ्या जणी मधे गोल करून उड्या मारत होत्या. मला त्यांनी हात धरून ओढलं, मी एका पायावर उड्या मारल्या, फोटोत माझे दात दिसतात. रात्री झोप लागली नाही. त्यांना माझी गरज नाही, हे एक. आणि दुसरं, जास्त टोचणारं: मी असते तर कदाचित हरलो असतो.

सप्टेंबरच्या मध्यावर परत खेळायला लागले. विभागीय स्पर्धेआधीच्या सामन्याला टेबलावरून विचारणा आली, “कप्तान कोण लिहू?” सर दोघींकडे बघत गप्प राहिले. सात लेस बांधत होती. वर न बघता म्हणाली, “चार.” तिने ते मनापासून म्हटलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. सरांनी मला पहिल्या पाचांत घेतलं नाही आणि मीही विचारलं नाही.

विभागीय स्पर्धा ऑक्टोबरमध्ये चंद्रपूरला. एका शाळेच्या वर्गात मुक्काम, बाकं भिंतीला सरकवून सतरंज्या टाकलेल्या. सोबत आलेल्या मॅडमनी रात्री दहाला दिवे बंद केले आणि अकरापर्यंत अंधारात सगळ्या बोलत होत्या. पहिला सामना सोपा गेला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

उपांत्य सामना. समोरच्या पोरी वेगवान, पाची जणी अंगाला चिकटून बचाव करणाऱ्या. पहिला क्वार्टर मी बाकावर. दहा आणि अकरा एकत्र खेळत होत्या, चारही पायांत धड बूट. दुसऱ्या क्वार्टरमध्ये मी आत गेले. त्यांच्या दोन जणी पंधराच्या अंगावर यायला लागल्या, त्यामुळे आम्ही बाकीच्या मोकळ्या सुटायला लागलो. “चार झाले! घुसा!” असा तेराचा आवाज आला की आम्ही खरंच घुसायचो. मध्यंतराला आम्ही तीनने पुढे होतो. तिसऱ्यात मागे पडलो. चौथ्यात पुन्हा वर आलो. एकदा पंचांनी अकरावर फाउल दिला. तिचं तोंड उघडणार इतक्यात मी मधे गेले, घड्याळ थांबलंय का ते पाहिलं आणि विचारलं, “सर, कशाबद्दल दिला?” “हाताने ढकललं,” ते म्हणाले. थँक्यू म्हटलं आणि येऊन सांगितलं, “हात मागे घे, छातीने अडव.” सर बाकावरून बघत होते. माझा जीव सुपाएवढा झाला, पण तो काही टिकला नाही. पावणेदोन मिनिटं उरलेली असताना माझा पाचवा फाउल झाला. पाच झाले की बाहेर, परत येणं नाही.

आम्ही एका गुणाने पुढे होतो. सरांनी बाकावरून नजर फिरवली आणि तेराकडे बोट केलं. तिने हातातलं पेन माझ्या हातात दिलं. मी घाईघाईने सांगायला लागले, “ती सहा नंबर आहे ना, ती...”

“डावखुरी आहे,” ती म्हणाली. “उजवीकडे ढकलते तिला.” आणि गेली.

मैदानावर आता सात कप्तान. शेवटची दहा सेकंदं उरली तेव्हा ४६–४५, आम्ही पुढे, बॉल त्यांचा. सहा नंबर डावीकडून निघाली. तेराने तिला खरंच उजवीकडे ढकललं. ती थांबली, वळली आणि तेराच्या हातावरून बॉल वर टाकला. टेबलावरच्या माणसाने घंटा वाजवली. बॉल रिंगवर एकदा आपटला, बोर्डाला लागला आणि आत गेला.

पंचांनी दोन बोटं खाली केली. बास्केट धरला. ४६–४७.

मग जो गोंधळ झाला तो ज्यांनी शालेय स्पर्धा पाहिल्यात त्यांना सांगायला नको. आमच्याकडचे दोन पालक टेबलापाशी, समोरच्या पोरी नाचतायत, सात रडत ओरडतेय, “घंटा आधी झाली! सगळ्यांनी ऐकलं!” घंटा वाजण्याआधी बॉल हातातून सुटलेला असेल तर बास्केट धरतात, नसेल तर नाही. बोर्डावर लाल दिवा लागणारी घड्याळं तिथे नव्हती, कुणी व्हिडिओ काढत नव्हतं. मी टेबलाच्या अगदी जवळ होते, पण माझी नजर घंटा वाजवणाऱ्याच्या हातावर होती. बॉल मी पाहिलाच नव्हता.

सरांनी खिशातून प्रोटेस्टच्या, म्हणजे हरकतीच्या, फीचे पैसे काढून टेबलाच्या कडेला ठेवले आणि स्कोअरशीट माझ्यापुढे सरकवलं. खालचा तो रकाना, ज्याची झेरॉक्स माझ्या दप्तरात तीन महिने घडी होऊन पडली होती. “सही कप्तानाची लागते,” ते म्हणाले. “मी कर म्हणणार नाही अन् नको कर पण म्हणणार नाही.” तेव्हा मला त्यांचा संताप आला. पंधरा वर्षांच्या पोरीवर कशाला टाकता हे? अजूनही वाटतं, थोडं तरी त्यांनी उचलायला हवं होतं.

पेन माझ्याच हातात होतं, तेराचं. मी तिला शोधलं. ती रिंगखालीच उभी होती, जिथे होती तिथेच. मी लंगडत गेले. तिथे तीच सगळ्यात जवळ होती. बॉल सुटला तेव्हा तिचा हात त्या पोरीच्या तोंडापुढे वीतभरावर होता.

“काय झालं?”

तिने डाव्या तळहाताकडे पाहिलं. घामाने सगळ्या रेघा पसरून निळा डाग झाला होता.

“सुटला होता ताई,” ती म्हणाली. “बॉल गेला, मग घंटा.”

“नक्की?”

“माझ्या बोटावरून गेला ना.”

सात मागून आली होती. “हिला काय समजते? कितीदा खेळली ही वर्षभरात?”

मी टेबलापाशी गेले. पंच बाटलीतून पाणी पीत होते. बॉल डेड होता, घड्याळ थांबलेलं होतं. “सर, आम्ही सही करत नाही,” म्हटलं आणि हात पुढे केला. त्यांनी हात मिळवला. ते काही बोलले नाहीत. सरांनी टेबलावरच्या नोटा एकेक करून उचलल्या, सारख्या केल्या आणि खिशात घातल्या.

चंद्रपूरहून नागपूरला एसटीने परतलो. मी तेराच्या शेजारी बसले होते आणि ती भद्रावतीच्या आधीच झोपली. पंधरा खिडकीला डोकं टेकून. सात पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, एकटी. एका पालकांनी वरोऱ्यापर्यंत मला ऐकू जाईल अशा बेताने कुणाला तरी सांगितलं, की सही केली असती तर निदान प्रयत्न तरी झाला असता. ते चुकीचं नव्हतं. तेराने चुकीचं पाहिलेलं असू शकतं. मी तिचं ऐकलं ते ती बरोबर होती म्हणून, की वर्षभर ऐकलं नव्हतं म्हणून, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता.

जामला गाडी चहासाठी थांबली. मी उतरले नाही, घोटा पुन्हा ठणकत होता. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा सगळ्यात शेवटी सात चढली. दोन्ही हातांत भज्यांचे पुडे. दहाला दिला, अकराला दिला, मॅडमना दिला, पंधराला उठवून दिला. शेवटचा एक उरला. गाडी हलायला लागली होती, ती दांडा धरून पुढेच उभी राहिली.

“चार!”

मी मान वर केली. मग पुडा आला, थेट हातात. कागद तेलाने भिजलेला, भजी निवलेली. मी काही म्हणायच्या आत ती वळून बसली होती आणि बुटीबोरी येईपर्यंत तिने मागे पाहिलं नाही. मी तेराला हलवून जागं केलं आणि पुडा मधे धरला.